तिसरा आकार

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावात बसथांब्यावर दोघी बहिणी माझ्यापुढे उभ्या होत्या. धाकट्या आर्लीनचा नवरा ऑरिन बोट घेऊन मासेमारीला गेला तो परतला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरली हिल्मा आर्लीनची चित्रवही चाळत होती.

“अशा दिवसांतही सराव करतेस?”

“चित्रकलेच्या वर्गातल्या बाई म्हणतात, रोज एक चौकट, तीन काळे आकार. कशाचंही चित्र नको, नुसता तोल साधायचा.”

“कसला तोल! रोज तेच तीन आकार, आणि छोटा आपला कडेला चिकटलेला.”

“मी आत घ्यायला बघते गं. हात ऐकत नाही.”

“वही उलटी धर,” आर्लीनच पुढे म्हणाली. “ तोल तसाच कळतो.”

हिल्माने वही उलटी धरली.

“आर्लीन, हे आपल्या खाडीचं टोक. हा मधला म्हणजे सरोवरातला अस्वलखडक, आणि त्यामागे कडेला ही छोटी बोट.”

“मी नुसते आकार काढलेत, हिल्मा.”

“खडकामागे शोधलं का शोधपथकानं?”

“धुक्यात बोट आत जाईना, म्हणाले.”

“मग लाव फोन! छोटा आकार रोज तिथेच आहे.”

“रोज नाही. आजचं पान बघ.”

“इथे दोनच आहेत.”

“तिसऱ्यासाठी हातच उचलला गेला नाही.”