टाकीत परत न आलेलं तेल

— नाही, हात पुसू नकोस! तसाच ठेव. लग्न झाल्यापासून नवऱ्याचे तेलकट हातच बघत आलेय मी, डेस्मंड पार्डो, तेव्हा चहा सांडला म्हणून सांगू नकोस मला. शेडचं दार उघडं होतं म्हणतोस — असेल. पण आमचा क्लिफ न्हाव्याकडे गेला की नेमकं तेव्हाच तुला इकडे यायचं सुचतं? आणि तेही कालव्याकडच्या फाटकातून, मांजराच्या पावलांनी? पुढच्या दारानं आला असतास तर चहा दिला असता, ब्रेड पुडिंग दिलं असतं — या बेरिलनं कधी नाही म्हटलंय का तुला? म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघितलंय मी. तू इंजिनाचा तेलाचा पंप काढलास — थांब, मधे बोलू नकोस — त्याच्या मागून काहीतरी सोलून काढलंस, खिशात कोंबलंस, पंप परत बसवलास आणि मग किक मारत बसलास, मधेच तेलाच्या टाकीत टॉर्च मारून बघत. का? कुणी सांगितलं होतं तुला?

क्लिफच्या वडलांची मोटारसायकल आहे ती. वर्षानुवर्षं खोक्यांमध्ये सुटी पडली होती. इंजिनाचा नट न् नट क्लिफनं स्वतः जोडलाय. उद्या क्लबातली सगळी मंडळी येणार, त्यांच्यासमोर सुरू करायचीय — आणि आदल्या दिवशी तू पंपात हात घालतोस! ती उद्या बिघडली की ‘मी नेतो रे, तुला कशाला त्रास’ म्हणत पहिला कोण येणार? ओळखून आहे मी तुम्हा जुन्या गाडीवाल्यांना. अंत्ययात्रेतसुद्धा ‘वहिनी, शेडमध्ये काय काय आहे हो?’ विचारणारी जात तुमची. हिवाळ्यात प्लगला ठिणगी देणारा तो मॅग्नेटो नाहीसा झाला, तेव्हाही तूच येऊन गेला होतास. क्लिफ म्हणाला, डेसनंच नेला. मीही म्हटलं, डेसनंच नेला. — हां, सापडला नंतर. ब्रेडच्या डब्यात. फडक्यात गुंडाळून ठेवलेला. कुणी ठेवला ते मला काय माहीत! मी म्हणालेच नाही कुणी ठेवला ते. विषय तुझ्या खिशाचा आहे. काढ बाहेर.

हे? एवढंच? हा तर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा तुकडा! तेल गळू नये म्हणून पंपामागे घालायचा, क्लिफनं कापलेला. सगळेच कापतात असा — पंपाच्या तोंडावर पुठ्ठा धरायचा, कडेकडेनं हातोडीनं टकटक करायची, आकार आपोआप उमटतो. आमच्याकडे तर कॉर्नफ्लेक्स संपायच्या आत खोकं शेडमध्ये पोचतं. यात चोरण्यासारखं काय आहे? — काय? उजेडाकडे धरू? धरला. एक भोक आहे. मग? दोन असतात, ठाऊक आहे मला, शिकवू नकोस — एकातून तेल पंपात येतं, दुसऱ्यातून इंजिनात जातं. दुसरं... दुसरं पाडलेलंच नाही.

म्हणजे मंगळवारी तो दुपारभर प्लग काढून किक मारत होता, घामानं निथळत, आणि टाकीत थेंब परत येत नव्हता, ते यामुळे? नव्या जोडलेल्या इंजिनात आधी तेल खेळवायचं, ते फिरून टाकीत परत पडताना डोळ्यांनी बघायचं, तोवर प्लगला हात लावायचा नाही — आमच्या शेजाऱ्यांनासुद्धा पाठ झालंय हे, इतक्यांदा सांगतो तो. आणि तोच मंगळवारी प्लग लावायला निघाला! म्हणे, सुरू झाली की येईल तेल. क्लिफ असं म्हणाला! मी चहा घेऊन दारातच उभी होते. तेव्हाच माझ्या काळजात — नाही, काही नाही. दमला होता. माणूस दमतो. तू म्हणालास, आज राहू दे, पेट्रोल संपलंय. पेट्रोल होतं, डेस. डबा भरून होता. तेव्हापासून तुझ्यावर नजर ठेवली मी, म्हटलं हा धडधडीत खोटं का बोलतोय? ... कोरडीच सुरू झाली असती तर? जाम झालं असतं ना सगळं? बापाचं इंजिन, चारचौघांत, त्याच्याच हातून.

कधीपासून ठाऊक आहे तुला? — मला? मला कधीचंच. गॅस मी बंद करते त्याच्यामागून. घराकडच्या वळणावर तो थबकला की ‘चल, मलाही तिकडेच जायचंय’ म्हणते, जसं काही मी सहजच भेटले. ताकास तूर लागू दिली नाही मी कुणाला, असं वाटत होतं मला! आणि इकडे तू घरून नवा पुठ्ठा कापून आणतोस. हे पहिल्यांदाच ना? — नाही? नको, सांगू नकोस. फार एकटी पडले होते रे मी. बघू नकोस माझ्याकडे.

तेल आलं टाकीत? नक्की? मग प्लग काढलेलाच राहू दे. झाकण लाव. तो आला की म्हणेन, क्लिफ, एकदा पुन्हा बघ की तेल येतंय का. तो किक मारेल, तेल दिसेल त्याला, ओरडून मला हाक मारेल. मी धावत येईन. त्याचंच इंजिन, त्याचंच तेल. आणि तुझा त्याला संशय आहे, ठाऊक आहे ना? त्याच्या वस्तू हलवतोस म्हणतो. म्हणू दे. उद्या मीही चारचौघांत तुझ्याशी धड बोलणार नाही, वाट्टेल ते टोमणे मारेन. तू गप्प ऐकून घ्यायचंस. — पुढचं फाटक वाजलं. नीघ, कालव्याकडून नीघ! जा म्हणते ना!

— कुणी नाही रे, क्लिफ! कुणाशी बोलणार? एकटीच आहे मी.