अरविंदकाकांची बाजू

नमस्कार. काकू, इरा, आणि आज इथे जमलेले सगळे.

तुमच्यातले कितीतरी जण जर्मनीभरातून गाड्या बदलत कायझर्सलाउटर्नला आलात. कुणी एर्लांगेनहून, कुणी श्टुटगार्टहून. या हॉलमध्ये अरविंदकाकांनी आपल्याला नेहमी बोलावलं ते वाद घालायला. आज आपण सगळे आहोत, आणि समोरून कुणी "गेनाऊ, अगदी बरोबर, पण माझं पूर्ण ऐक" असं म्हणत नाहीये. मला बोलायला जड जातंय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मी नितीन. काका ज्या संशोधन संस्थेत धातूंवर काम करत, तिथे त्यांच्या शेजारच्या खोलीत मी बसतो. गेल्या आठवड्यात कामावरून घरी जाताना बसथांब्यावर ते कोसळले. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काल मी काकूंना विचारलं, "काकू, उद्या काय बोलू?"

काकू म्हणाल्या, "खरं असेल ते बोल. ह्यांना देव करू नकोस." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि त्या अमेरिकेच्या वादाबद्दल बोल. लोकांनी ह्यांचं तेवढंच लक्षात ठेवलंय. मग ते नीट तरी ठेवू देत."

म्हणून त्याबद्दलच बोलतो.

जे नवीन विद्यार्थी आहेत त्यांना ते दिवस माहीत नसतील. इराकवर हल्ला होणार असं दिसत होतं आणि जर्मनीत जिकडेतिकडे विरोध होता. खिडक्याखिडक्यांतून शांततेचे झेंडे लटकत होते. शाळेतली मुलं वर्ग सोडून चौकात आली होती. त्यात काकांची मुलगी इरा होती. मोर्चात मीही होतो. आपल्यातले निम्मे होते. आणि अरविंदकाका कॅन्टीनमध्ये शांतपणे सांगत होते, की अमेरिकेच्या अध्यक्षांचं बरोबर आहे, हुकूमशहा स्वतःहून जात नसतो.

लोकांनी त्यांना काय काय म्हटलं! अमेरिकेचा भाट म्हटलं. युद्धखोर म्हटलं. आपल्या मंडळाने एका वर्षी त्यांना गणपतीचं बोलावणंच दिलं नाही. "राहून गेलं," असं नंतर सांगितलं. काका तरीही आले. आरती झाली, खुर्च्या उचलायला थांबले आणि गेले. 

ते असं का मानायचे? हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "अरे, मी पश्चिम बर्लिनमध्ये शिकलोय. माझ्या घरमालकिणीची सख्खी बहीण भिंतीच्या पलीकडे राहायची. बाई दर ख्रिसमसला तिच्यासाठी स्वेटर विणायची. तेव्हा एक अमेरिकन अध्यक्ष येऊन म्हणाला, ही भिंत पाडा. सगळे त्याला हसले. आमचे प्राध्यापक हसले. आणि मग एका संध्याकाळी ती बहीण आमच्या दारात उभी होती. अंगावर तोच स्वेटर. नितीन, ते दार मी उघडलं होतं."

आता सांगा, ज्या माणसाने ते दार उघडलंय, त्याच्याशी तुम्ही कसा वाद घालणार? मी घातला. मी म्हणालो, "काका, तो अध्यक्ष वेगळा, हा वेगळा. तिथे भिंत लोकांनी पाडली, इथे वरून बॉम्ब पडणार आहेत." ते म्हणाले, "बघू." आम्ही दोघंही ठाम होतो.

घरात मात्र हे इतकं सोपं नव्हतं. इरा तेव्हा शाळेत होती. मोर्चावरून घरी आली आणि वडिलांना जर्मनमध्ये म्हणाली, तुझ्यासारख्यांमुळे लोक मरतात. काका मराठीत म्हणाले, "आधी जेवून घे." ती जेवली नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं या बापलेकीत परीक्षा, हवा आणि गाडीची वेळ, यापलीकडे बोलणं झालं नाही. इरा, हे सांगायची परवानगी तूच मला दिलीस, म्हणून सांगतोय.

आणि मग मार्कस. काकांच्या वरच्या मजल्यावर राहणारा मार्कस. इथल्या अमेरिकन तळावरचा सैनिक. त्याची बायको टीना इथलीच, याच भागातली. मार्कसला काकूंच्या हातचं थालीपीठ इतकं आवडायचं, की वास आला की तो काहीतरी निमित्त काढून खाली यायचा. तो इराकला गेला. दुसऱ्या वेळी गेला तेव्हा रस्त्यात स्फोट झाला, आणि त्याला इथल्याच लष्करी इस्पितळात आणलं. उजवा हात कोपरापासून गेला होता.

काका त्याला भेटून संस्थेत आले, तेव्हा माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. बसले नाहीत. मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाले, "माझी माफी ऐकून घेतली त्याने. म्हणाला, तुमच्या सांगण्यावरून मी गेलो नव्हतो. त्याने मला सोडून दिलं, नितीन." आणि दाराकडे वळताना म्हणाले, "म्हणून मी सुटलो असं नाही."

मार्कसला पुढच्या उपचारांसाठी अमेरिकेत नेलं. इथे मागे राहिलेल्या टीनाबरोबर घरमालकाकडे, विम्याच्या लोकांकडे, दवाखान्यात, काका जात राहिले. वर्षभराने मार्कस परत आला आणि तळावर कचेरीतलं काम करू लागला. काकांनी यातलं कधी कुणाला काही सांगितलं नाही. आपण मात्र त्यांना युद्धखोर म्हणतच होतो.

या हिवाळ्यात त्या अध्यक्षांची कारकीर्द संपली. आपल्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, एक चर्चा ठेवू या. आठ वर्षांत या माणसाने काय कमावलं आणि काय घालवलं. त्याच्या बाजूने बोलायला कुणी तयार होईना. मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "मी बोलतो. कुणीतरी बोलायलाच हवं."

तो दिवस तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. हॉल भरला होता. खरं सांगू? बरेच जण काकांची फजिती बघायला आले होते. इरा एर्लांगेनहून आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती.

काका उभे राहिले. "आल्झो, तर मी हरलेल्या बाजूने बोलतोय," म्हणाले. लोक हसले. मग म्हणाले, "युद्ध चूक होतं. मी त्याला बरोबर म्हणालो होतो. ज्या शस्त्रांसाठी ते गेले ती सापडली नाहीत. मी इंजिनियर माणूस. नमुना हातात आल्याशिवाय निकालावर सही करत नाही. इथे मी केली."

कुणीतरी मागून ओरडलं, "मग संपलं की!"

"नाही संपलं," काका म्हणाले. "न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर देश पेटलेला असताना हाच माणूस मशिदीत गेला आणि म्हणाला, हे लोक आपले शत्रू नाहीत. आफ्रिकेत एड्सच्या रुग्णांना याच्याच सरकारने औषधं पोचवली. आज जिवंत असलेल्या त्या माणसांना जाऊन सांगा, की याने काहीच चांगलं केलं नाही. आणि याच माणसाच्या राजवटीत इराकच्या तुरुंगातले ते फोटो निघाले. कैद्यांना कुत्र्यासारखं वागवल्याचे. दोन्ही त्याचंच आहे. एक दाखवून दुसरं झाकायचं नाही. मी झाकणार नाही, तुम्हीही झाकू नका."

मग ते म्हणाले, "मी आजही उजव्या विचारांचा आहे. सरकारने आवरून राहावं, खर्च जपून करावा, जे चालत आलंय ते सहजासहजी मोडू नये, असं मला वाटतं. म्हणूनच मला तुमच्यापेक्षा जास्त राग यायला हवा. यांनी कर कमी केले, दोन युद्धं काढली, आणि जाताना बँका कोसळत होत्या. हे माझ्या विचारात कुठे बसतं?"

तेव्हा इरा उठली. जर्मनमध्ये विचारलं तिने. "पापा, आणि मार्कसचा हात? तो तू कुठे मांडणार?"

 काका तिच्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "तो कुठेच मांडता येत नाही, बाळा. मी इथे बसून मत दिलं. जावं त्याला लागलं."

इरा खाली बसली नाही. "आणि तिकडचे? ज्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत?"

"तेही," काका म्हणाले.  त्यांनी हाताने मला खूण केली, की तू बोल. विरुद्ध बाजूचं माझं भाषण मी घरून तयार करून आणलं होतं. मला ते वाचवेना.

नंतर काका आणि मी इराला सोडायला बानहोफवर चालत गेलो. तुम्हाला वाटेल, बापलेकीची आता दिलजमाई झाली असेल. छे! फलाटावर पुन्हा जुंपली. काका म्हणाले, अमेरिकेने आता लगेच इराक सोडला तर तिथे रक्तपात होईल. इरा म्हणाली, रक्तपात चालूच आहे, राहून काय थांबलंय? ती जर्मनमध्ये, ते मराठीत. गाडी आली. गाडी गेली. दोघांनाही कळलं नाही. मी बघत उभा होतो. मी मुद्दामच काही बोललो नाही.

मग काकूंचा फोन आला. "अहो, चुकली ना तिची गाडी? मग दोघं घरी या. भात लावलाय." इरा घरी गेली. दोन दिवस राहिली. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा आणि सोमवारी काका मला सांगायचे, काल पोरीने कसं झोडपलं ते. इतके खूश असायचे.

आज सकाळपासून दोघातिघांनी मला सांगितलं, काका शेवटी बदलले, बरं झालं. मित्रहो, असं म्हणू नका. ते आपल्या बाजूला आले नव्हते. भिंतीबद्दल त्यांना जे वाटायचं ते शेवटपर्यंत वाटत होतं, आणि माझं त्यांच्याशी आजही पटत नाही. पण आपली बाजू चुकली कुठे, हे चारचौघांत, स्वतःच्या मुलीसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी जिंकलेल्या बाजूला होतो. माझ्या बाजूचं काय चुकलं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. काकांनी विचारलं असतं.

शेवटच्या रांगेत मार्कस आणि टीना बसले आहेत. त्यांना मराठी येत नाही. मी बोलायला लागल्यापासून इरा त्यांच्यामध्ये बसून माझं एकेक वाक्य त्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगते आहे. स्वतःच्या वडिलांबद्दलचं सगळं. हे बोलणं मला किती अवघड गेलं ते तुम्ही पाहिलंत. तिला किती गेलं असेल?

आता मी सगळ्यांना उभं राहायची विनंती करतो. दोन मिनिटं आपण काही बोलणार नाही.

इरा, ही दोन मिनिटं तुला कुणाला काही समजावून सांगायचं नाही. तू फक्त तुझ्या बाबांजवळ राहा.