लोटनच्या गालावरचा तीळ

हॅलो? …हॅलो, अक्का? …अगं मी इंदू! जळगावहून. रतिलालशेठच्या कापसाच्या जिनातून बोलतेय… नाही गं, सगळे बरे आहेत. कोणी आजारी नाही. फोन आला म्हणजे कोणी गेलंच असं असतं का? …हो. बसलीस? बस आधी.

लोटनचा फोटो आला! …सकाळच्या टपालानं. …अगं, काय दिसतोय म्हणून सांगू! वकिलीणबाईंच्या मुलाचा मखमली कोट, तुझी जरीची टोपी, गळ्यात ताईत… हो, हो, बूटही आलेत. उजवा डाव्यात. …मी नाही, तू घातलेस! …बरं, दोघींनी. एकीनं धरला, एकीनं कोंबले. आणि हा तासभर भोकाड पसरून! दाजी टेबलाखालून कोंबड्यासारखे आरवले, तेव्हा कुठे गप्प झाला…

अक्का, ऐक ना… अगं ऐक तरी! तीळ नाही.

…तीळ गं! डाव्या गालावरचा. यांच्यासारखा… नाही, फोटोत नाही. तीटही नाही, तीळही नाही. गाल कसा सायीसारखा. सासूबाईंनी फोटो खिडकीशी नेला, खालीवर पाहिला, आणि म्हणतात, ‘पोऱ्या गोड शे, पण हाऊ कोनना शे?’ …हसू नको! कोणाचा म्हणून विचारतात!

…काय? तू सांगितलंस फोटोवाल्याला? …रडून तीट गालभर पसरली होती म्हणून? …अगं, ‘काळं साफ करा’ म्हटलंस तर तो बठ्ठंच साफ करणार! फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवून मोकळा. त्याला काय ठाऊक, कुठलं काजळ आणि कुठलं देवानं दिलेलं!

…दुसरी प्रत कधी येणार? छगनभाऊची रजा संपली. तीनच्या गाडीनं यांच्याच पलटणीत परत चाललाय, यांना फोटो तोच देणार. अडीच वाजले, अक्का… हो, स्टेशनावर जाताना इथे येतोय तो. …रडू नको तर काय करू? हे गेले तेव्हा लोटन पोटात होता. यांनी पोर पाहिलेलंच नाही. दर पत्रात एकच विचारतात, माझा तीळ आलाय का त्याला? मी दोनदा लिहिलं, आलाय म्हणून. आणि आता हा गुळगुळीत गाल पाठवू?

…मी काय लावू? काजळ? …फोटोवर?

…अक्का, तू हुशार आहेस हं! थांब, डबी पिशवीतच आहे. फोन ठेवू नकोस… मुनीमजी, एक काडी द्या ना जरा… हं… डाव्या गालावर… आला! अगं, हुबेहूब आला! मुनीमजी यांचंच नाव घेतात, हा तर सुकदेवच! …हो, वाळायला टेबलावर ठेवलाय.

…कोट ना? धुऊन पाठवते. …डाग? कसला डाग? …बरं, थोडा आहे. पेढ्याचा. वकिलीणबाईंना तूच सांग, तुझं ऐकतात त्या…

लोट्या! काय करी ऱ्हायना रे? ठेव ती डबी! …अगं बाई गं! अक्का, यानं डबीत बोट घातलं आणि… फोटोवर! …नाही, तोंडावर नाही. खाली, बुटांवर. अख्खं बोट उमटलंय गं, रेघांसकट…

…पुसू? …थांब, पदरानंच… 

…नको.

…नको गं पुसायला. एवढंसं बोट… तीळ तर मी काढलेला. हे त्याचं स्वतःचं आहे. हात लावून बघतील ना हे… मी रडत नाही. नाही म्हटलं ना!

…कोण? एक्स्चेंज? …हो बाई, कळलं, तीन मिनिटं झाली. एवढं एक बोलू द्या… अक्का, छगनभाऊ आला बघ दारात. …या भाऊ, तोच फोटो, टेबलावरचा… हो, नीट न्या… काय? खाली काळं लागलंय?

छगनभाऊ! रुमाल ठेवा आधी खिशात! पुसायचं नाही ते, ते त्याच्या बापाला… हॅलो? …अक्का? …हॅलो?