घुमटाखालची ऊब

नाही म्हणजे नाहीच पटलं ना कुणाला! घसा फोडून सांगितलं – माझी शेगडी दिवस मावळायच्या आत विझते, तुमचे तारे हलतात त्याला मी काय करू – पण नाही, लावलं कॅन्टीनला कुलूप. आणि आता मुख्य कचेरीतून तुम्ही आलात, कागद-पेन घेऊन, ते कायमचं बंद करायचं का ठरवायला. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे, बाकावर बसा. चहा विचारला असता, पण गॅसच काढून नेलाय तुमच्या लोकांनी, तेव्हा पाहुणचार तोंडानंच.

माझी शाळा चौथीपर्यंत, साहेब, पण इथली मंडळी जेवताना दुसरं काही बोलतच नाहीत – तोंडी लावायला रोज तेच – म्हणून थोडंफार कानावर पडलंय. तारा काही हलत नाही. हलते ती मधली हवा. तापलेल्या पत्र्यावरून पलीकडचं बघितलं की कसं लवलवतं, तसं. म्हणून यांनी दुर्बिणीत एक पातळ आरसा बसवलाय, त्याच्या पाठीला बारीक बारीक दट्टे – पापणी लवायच्या आत ते आरशाला कितीदा तरी इकडून दाबतात, तिकडून ढकलतात – हवेनं उजेड जितका वाकडा केला तितकाच आरसा उलटा वाकडा होतो, की झाला तारा सरळ. आणि हवा किती वाकडी वागतेय हे आरशाला कळावं म्हणून आभाळात लेझर सोडून एक खोटा तारा करतात. खोटा! भाजी शिळी निघाली तर मला बोलायला हेच पुढे. मोठ्या बाई, इथल्या प्रमुख, त्यांचं अर्धं आयुष्य त्या आरशात गेलं. आरशात आयुष्य घालवलेल्या बायका मी पुष्कळ बघितल्या, पण एवढ्या विस्कटलेल्या केसांची ही पहिलीच.

तर झालं काय, महिनाभरापासून आरसा पुरा पडेना. वरच्या हवेला तो सावरून घेतो, पण पायाखालूनच ऊन हवा चढायला लागली, दुर्बिणीच्या तोंडावरून – एवढी ओढाताण त्याला झेपत नाही. मग शोधा, इथे गरम काय? कॅन्टीन! धुराडं दुर्बिणीच्या घुमटाकडे तोंड करून. सापडले मी. बरं, बंद केलंत, मग थांबला का तारा? नाही थांबला. का नाही थांबला? कारण घुमटाखालच्या सामानाच्या खोलीत रोज रात्री हिटर चालतो. बघताय काय असे? चालतो म्हणजे चालतो. मला कसं माहीत – अहो, मी ओळखते ना त्याला. आमच्याच घरचा आहे. एका बाजूनं चेपलेला.

तिथे आमचे हे झोपतात. घुमटाच्या चाकांना ग्रीस लावायचं काम त्यांचं, खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते. सगळे त्यांना कुडकुड्या म्हणतात, उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी. घर आहे हो, ते काय समोर, निळं दार. मीच आतून कडी लावून घेतली होती. सगळ्या पंगतीदेखत, मी वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन, हा माणूस म्हणतो, ‘चव असावी तर आमच्या ताईच्या हाताची!’ ताई म्हणजे यांची थोरली बहीण, माझी नणंद, मी वन्सं म्हणते. मी म्हटलं, मग जा तिकडेच. आता वन्सं राहतात डोंगराच्या पायथ्याला, आणि खाली गाडी जाते आठवड्यातून एकदा. म्हणून हे गेले घुमटाखाली.

नाही नाही, हिटर त्यांनी नाही नेला. कसा नेतील, दाराला कडी होती की. तो – मीच नेऊन ठेवला. तिथली फरशी नुसती बर्फ, छाती यांची आधीच नाजूक, उद्या दवाखान्याच्या खेपा कुणी घालायच्या, वन्संनी? माया-बिया काही नाही, स्वतःच्या खेपा वाचवल्या. त्या खोलीच्या दारात ठेवला, कडी वाजवली, फिरले माघारी. एक शब्द बोलले नाही. अजूनही बोलत नाही. हो, आहे पाटी दारावर, गरम वस्तू आत नेऊ नये – वाचता येतं मला. म्हणून तर दारातच ठेवला. आत त्यांनी नेला –

थांबा. ते खोडा. खोडा म्हणते ना! त्यांची नोकरी जाईल, साहेब. आणि माझं नाव घातलंत तर कॅन्टीन जाईल. मग दोघांनी काय घुमट चाटायचा? हिटर मी आजच उचलते. हिटर घरी आला की मागोमाग माणूसही येईल, मला बोलवायला लागणार नाही. कडी काढून ठेवलीय सकाळीच.

पण कुणाचं तरी नाव लागतंच का तिथे? नीट विचार करा मग. हिटर आला तो थंडीमुळे. थंडी वाजली ती कडीमुळे. कडी लावली ती पंगतीतल्या त्या एका वाक्यामुळे. आणि ते वाक्य कुणाच्या हाताच्या चवीमुळे? उभ्या जन्मात दुर्बीण बघितली नाही, पण पायथ्याला बसून आभाळ हलवून दाखवलं बाईनं! लिहा, ठळक लिहा, आणि उठा आता, गॅस परत पाठवा, मला ओटा पुसायचाय. काय लिहू म्हणून काय विचारता? लिहा – थोरल्या वन्सं.