चकलीला अम्मीचा ओके

चकल्या खाताय म्हणून आठवलं. मी इथे हैदराबादेत कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशीनचा कोर्स करतोय ना? तर ऐन दिवाळीत आमच्या सोऱ्याची चकलीची चकती हरवली. आई नवी आणायला आबिड्सच्या बाजारात निघाली, तिला मीच अडवलं. म्हटलं, "विकत कशाला? मशीनवर कापून आणतो. केसाएवढाही फरक पडणार नाही!"

परीक्षेला मशीनवर एक वस्तू बनवून दाखवायची असते, तिला जॉब म्हणतात; माझा जॉब म्हणून मी चकतीच केली. सरांनी मापं घेतली आणि पाठ थोपटली. "एकदम परफेक्ट है मियाँ!"

घरी आईने घाणा घातला, तर जाड शेव वेटोळं घालून बसावी तशा गुळगुळीत चकल्या पडल्या.

"काटे कुठायत रे?"

"आई, मापं अगदी बरोबर आहेत."

"मग मापंच खा."

दुसऱ्या दिवशी सरांना चकली दाखवली. ते खो खो हसले. "टूल गोल है ना बावा, तो चांदनी के कोने भी गोलच कटते. स्क्रीन पे नुकीले दिखे, बस!" मग त्यांनी माझ्या हातात कानस दिली. पहिल्या महिन्यात हीच घासून घासून मी वैतागलो होतो. "हल्लू हल्लू घिस."

चांदणीचा एकेक कोपरा घासून टोकदार केला. संध्याकाळी आईने काटेरी चकल्यांचा डबा भरून सरांना पाठवला.

आता वर्गात कुणाचाही जॉब मोजून झाला, की सर माझ्याकडे वळतात. "मेरा तो ओके है. अम्मी का ओके किधर है? डब्बे में लाना!"