हविनाळे सरांचं नाव

विद्यापीठाच्या रांगेत माझ्या पुढे एक मुलगी आणि तिची आज्जी उभ्या होत्या. पीएचडीचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता आणि तिच्या अर्जावर गाईडच्या नावाची जागा अजून कोरी होती.

“हविनाळे सरांचं नाव लिहू का नको, आज्जी? लई तिरसट हायत म्हणं. स्वतःच्या सत्कारातून उठून गेले.”

“तिरसट हाय की. आमच्या पालावर आला तवा तुझ्या आज्जासंगंबी भांडला.”

“कशावरून?”

“त्येनं पुस्तकात लिवलं हुतं, मेंढरांनी माळावरचं गवत संपवलं. आज्जा म्हणाला, चल आमच्यासंगं आन बघ. वरीसभर चालला कळपामागं.”

“मग?”

“मग नवं पुस्तक घिऊन आला. साऱ्या पालांफुडं उभं राहून, तुझ्या आज्जाकडं बोट करून वाचून दावलं, माझं चुकलं हुतं, मला गवत मायाप्पानं शिकवलं.”

“पण माझं काय चुकलं तर लई बोलतील.”

“बोलंल की. सोताची चूक छापणारा माणूस, तुझी सोडंल व्हय?”

मुलगी हसली. मग मागे वळून मला म्हणाली, “आजोबा, जरा पेन देता का?”