दुसरी बाटली

हासू नका, पण मले एम.एस्सी. केमिस्ट्री पास केलं ते आईच्या पार्लरनं.

मागच्या साली वायव्हात, म्हंजे तोंडी परीक्षेत, एका प्रश्नावर मी मुक्यासारखी बसलती अन् नापास झालती. यंदा बाहेरून आलेल्या परीक्षक सराईनं पह्यलाच प्रश्न तोच टाकला, "सल्फर पर न्यूक्लियोफाइल अटैक करे, तो पुराना ग्रुप कब छूटता है?"

समोर आईच दिसे, गिऱ्हाइकाच्या कुरळ्या केसाले क्रीम लावून राह्यलेली. घाबरून मी मराठीतच सुरू झाली, "सर, त्याच टायमाले सुटते. केसात दोन सल्फर एकमेकाले धरून असतात. क्रीमचा सल्फर एकाले धरते, तवाच दुसरा सुटते. मंग केस सरळ होतात."

सर पुढं सरकले. "और रेट कैसे नापोगी?"

"एक केस ओढून पाह्यचा, सर. रबरासारखा ताणला का धुऊन टाकायचं. मे महिन्यात सात मिनिटं, जानेवारीत बारा."

सराईनं टकलावरून हात फिरवला अन् चक्क मराठीत म्हणाले, "माझी रिअ‍ॅक्शन तर कधीचीच पूर्ण झाली. जा बेटा, पास."

पळतच पार्लरात गेली, आईले सारं सांगतलं. तिनं हातातला ब्रशही खाली नाही ठेवला.

"अन् दुसऱ्या बाटलीचं सांगतलं का?"

"कोणती दुसरी?"

"सुटलेलं पुन्हा जोडते ते! तू निसतं तोडायचं सांगून आली, अन् त्यानं तुले पास केलं?"

आता पीएचडीचा फॉर्म भरून राह्यली. विषय तोच घेतला, दुसरी बाटली.